दांडिया आपला, पतंग परका?

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला हळदीकुंकू झालं, वाण लुटलं, गुळपोळ्या संपल्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं फोटोत आली. 'आणि पतंग?' असं कुणीतरी विचारलं, तर कार्यकारिणीतून उत्तर आलं, "ते गुजराती मंडळाचं." प्रस्तुत लेखिकेच्या मुलाने ते नेमकं ऐकलं आणि गाडीत बसता बसता विचारलं, "आई, मग आजोबा गुजराती होते?"

आजोबा येवल्याचे. येवला म्हटलं की आपल्याला पैठणीच आठवते, पण भोगी, संक्रांत आणि कर हे तिन्ही दिवस ते गाव गच्चीवर असतं. हातात मांजा गुंडाळायची आसारी, कानावर हलगी आणि आभाळात पेच. नागपुरात त्याच दिवशी गल्लोगल्ली 'ओ काट!' घुमतं. अहमदाबादेत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो, त्याचा गाजावाजा मोठा, म्हणून काय पतंगाचा सातबारा त्यांच्या नावावर झाला?

आपल्या नामदेवांचंच घ्या. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात पोरगा कागद आणून पतंग करतो, उडवतो, सवंगड्यांशी गप्पाही मारतो, पण त्याचं चित्त दोरीवर असतं. रामनामाशी जडलेलं मन सांगायला चौदाव्या शतकाच्या आसपास या मराठी संताला पतंग सुचला!

कुणी म्हणेल, येवल्यात पतंग गुजराती कुटुंबांबरोबर आला. आला असेल. नवरात्राच्या सुमारास तीन शनिवार हॉल घेऊन आपण दांडिया खेळतो, तेव्हा कुणी मूळगाव विचारतं का? आपल्या पोरांना आपलं काय ते आपणच सांगायला हवं; ते नाही सांगितलं तर... असो. प्रवचन झालं, वाचकांनी माफ करावं. कार्यकारिणीतली मंडळी नोकऱ्या सांभाळून राबतात, हेही खरंच.

मांजाची भीती मात्र रास्त आहे. गळे चिरतात, पक्षी मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली ती उगाच नाही. मग साधा सुती दोरा वापरावा. इथे परदेशात जानेवारीत बर्फ असतो, तेही कबूल. पण वॉशिंग्टनच्या हिरवळीवर १९६७ पासून चेरीच्या मोसमात पतंग उडतातच की! आपला पाडवाही त्याच सुमारास येतो. तेव्हा पुढच्या पाडव्याला मंडळाने हॉलऐवजी मैदान घ्यावं. कामट्या आणि पतंगी कागद आणायची जबाबदारी लेखिकेच्या घरची.