विश्लेषण : लहान फुटबॉलपटूंना उडीआधी ‘उतरणं’ का शिकवायला हवं?

मैदानावर पसरलेली दोरीची शिडी, ठोकळे, रंगीत शंकू आणि त्यांवरून उड्या मारत पळणारी दहा-बारा वर्षांची मुलं. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. या सरावानं मुलं खरंच चपळ होतात का? आणि त्यात गुडघ्याची काळजी कितपत घेतली जाते?

गुडघ्याची चर्चा कशामुळे?

२०२३ च्या महिला विश्वचषकाला इंग्लंडच्या लिया विल्यमसन व बेथ मीड आणि नेदरलँड्सची विवियान मिडेमा मुकल्या. तिघींचंही दुखणं एकच : एसीएल फाटणं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारं लिगामेंट. ते फाटलं, की मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून जास्त काळ लागतो. मुलींना हा धोका मुलांपेक्षा दोन ते तीन पट असतो आणि तो वयात येताना वाढतो.

दुखापत नेमकी कधी होते?

बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता! हेडर मारून खाली येताना, वेगात असताना अचानक थांबताना किंवा वळताना गुडघा आत झुकतो आणि लिगामेंटवर ताण येतो. म्हणजे मूळ प्रश्न उडी किती उंच, हा नसून पाय जमिनीला कसे टेकतात, हा आहे.

सराव केल्यास फरक पडतो का?

हो, आणि त्याचे आकडे आहेत. ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअप आहे. त्यात धावणं, ताकद, तोल आणि उड्या असे १५ व्यायाम येतात. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याचा अभ्यास झाला (२००८). एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशानं, तर गंभीर दुखापती निम्म्याच्या आसपास घटल्या. स्वीडनमध्ये साडेचार हजारांहून अधिक मुलींच्या अभ्यासात (२०१२) अशाच १५ मिनिटांच्या वॉर्मअपनं एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘११+ किड्स’ ही वेगळी आवृत्ती आहे.

मग शिडी निरुपयोगी आहे का?

नाही, पण तिला मर्यादा आहेत. शिडीवर पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे आधीच ठरलेलं असतं. सामन्यात मात्र बचावपटू कुठे सरकतोय ते पाहून क्षणात दिशा बदलावी लागते. खरी चपळाई तीच. त्यामुळे पकडापकडी, एकास एक ड्रिबलिंग किंवा प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर वळणं हे खेळ जास्त उपयोगी ठरतात. पेठेतल्या तालमीचा संघ असो वा महागडी अकादमी, यासाठी वेगळं साहित्य लागत नाही.

पालकांनी काय पाहावं?

- उतरताना गुडघे आणि कंबर वाकलेली हवी. गुडघा पंजाच्या रेषेत हवा, आत झुकलेला नको.
- पाय ‘धप्प’ वाजत असतील तर उतरणं चुकतंय.
- आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. उंच ठोकळ्यावरून खाली उडी मारून लगेच वर उसळणं सुरुवातीला नकोच.
- सुरुवातीला सहा ते दहा उड्यांचे एक-दोन सेट, तेही आठवड्यातून दोनदा आणि मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून. थकल्यावर उड्या नकोत.
- मुलगा किंवा मुलगी झपाट्यानं उंच होत असताना, किंवा गुडघा-टाच दुखत असताना उड्या कमी कराव्यात.

अडचण कुठे आहे?

सातत्यात. ज्या संघांनी हा वॉर्मअप नियमित केला, त्यांनाच जास्त फायदा झाला. पण सरावाला तासभरच मिळतो, मुलांना चेंडू हवा असतो आणि २० मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात. भारतीय महिला संघानं २०२५ मध्ये थायलंडला हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्यांच्यासारखं खेळण्याचं स्वप्न पाहणाऱ्या मुलींसाठी या २० मिनिटांचं मोल मोठं आहे. अकादमी निवडताना ‘उडी किती वाढेल?’ याआधी ‘वॉर्मअपमध्ये काय करून घेता?’ हे विचारायला हवं.