गवताचे लाडू

बालमित्रांनो,

गेल्या आठवड्यात एक पत्र आलं. वहीचं पान फाडून लिहिलेलं, दोन ठिकाणी खाडाखोड केलेलं. लिहिणारा मुलगा सातवीत आहे. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण पत्रात घरातली गोष्ट आहे. तो लिहितो, ‘आजोबा, आमचा कुत्रा तेरा वर्षांचा झालाय. त्याला नीट दिसत नाही. तो घरातच शू करतो. मे महिन्यात आम्ही नव्या फ्लॅटमध्ये जाणार आहोत. घरी म्हणतात, त्याला जुन्या गल्लीतच सोडू, तिथे त्याला सगळे ओळखतात. हे बरोबर आहे का?’ आणि खाली ताजा कलम, ‘तुम्ही रिटायर झाल्यावर दिवसभर काय करता?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण एका शब्दाने घरातल्या मोठ्यांचं मत बदलत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून आधी ताज्या कलमाचं उत्तर देतो. त्यातूनच पहिल्याचंही निघेल.

मी ३१ वर्षं जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. निवृत्त झालो आणि आजी व मी कर्जत तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. निरोपाच्या दिवशी जो तो म्हणत होता, ‘आता आराम करा.’ आराम! आमच्या घरात आराम करणारे तिघे आहेत. पहिली बिजली, म्हणजे आमची घोडी, वय पंचविशीच्या आसपास. दुसरी ठकी शेळी. तिसरा खंड्या, कानांनी पार बहिरा झालेला गावठी कुत्रा. या तिघांचा आराम नीट चालावा म्हणून आम्ही दोघं पहाटे पाचला उठतो.

बिजली मूळची माथेरानची. तुमच्यापैकी पुष्कळजण माथेरानला गेले असतील. तिथे मोटारी नेता येत नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी, नाहीतर घोड्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा आल्या, पण बिजली त्याच्या आधीची. लाल मातीच्या त्या रस्त्यांवरून तिने वर्षानुवर्षं तुमच्यासारख्या मुलांना पाठीवर घेऊन फिरवलं. २०१७ सालच्या पावसाळ्यात तिचा मालक तिला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, हिचा गुडघा सुजतोय. पुढच्या सीझनला चढ झेपायचा नाही. एक वरातीवाला मागतोय हिला. पण रात्र रात्र डांबरावर, बँडच्या गोंगाटात उभी राहणार ती. माझं मन होत नाही.’

हा माणूस वाईट नव्हता, बरं का! ज्या घरात घोड्याच्या कमाईवर चूल पेटते, तिथे घोड्याची कमाई थांबली की घोड्याची चंदी, म्हणजे त्याचं धान्य, आणि पोरांची फी यांचं भांडण लागतं. मी म्हणालो, ‘विचार करून सांगतो.’ तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला, ‘अहो, विचार कसला करताय? पाऊस पडतोय, आधी तिला गोठ्यात घ्या!’ झालं. बिजली आमची झाली.

पहिले तीन दिवस ती रात्रभर खिंकाळायची. घोडा हा कळपातला प्राणी. एकट्याने राहणं त्याला मानवत नाही. दुसरा घोडा पाळायची आमची ऐपत नव्हती, म्हणून शेजारच्या आळीतून ठकी आणली. शर्यतीच्या घोड्यांच्या सोबतीलाही पूर्वीपासून शेळ्या ठेवतात. चौथ्या रात्री बिजली गप्प. सकाळी पाहतो तर ठकी तिच्या पुढ्यातलं गवत खातेय आणि बिजली तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेतेय! घोड्याच्या पायांतले सांधे असे अडकतात, की त्याला उभ्यानेच झोपता येतं. गाढ झोपेसाठी मात्र त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि ते तो जवळ कुणी सोबतीला असेल तरच निर्धास्तपणे करतो.

तर आमचा दिवस असा. सकाळी उठल्याबरोबर गवत आणि पाणी. मग खरारा. अंगावरची धूळ, मेलेले केस सगळं त्याने निघतं, आणि हात फिरवताना कुठे सूज, कुठे जखम हेही कळतं. मग चारही खूर उचलून त्यांत अडकलेले खडे काढायचे. आता तिला डांबरी रस्त्यावर चालायचं नसल्यामुळे नाल काढून टाकलेत. तरी नखांसारखे खूर वाढतच राहतात, म्हणून सहा-सात आठवड्यांनी नालबंद येऊन ते कापून जातो. मग लीद गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकायची. संध्याकाळी ओढ्यापर्यंत फेरी. पुढे ठकी, मध्ये बिजली, मागे मी आणि सगळ्यांत शेवटी खंड्या. बिजलीचा गुडघा दुखतो, माझाही दुखतो, त्यामुळे चाल छान जुळते. खंड्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून त्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा. ती थरथर त्याच्या पंजांना कळते आणि तो मान वर करतो.

तुम्हाला वाटेल, वा, काय मजेचं आयुष्य! आहेच. पण आता मी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पत्राचं उत्तर पुरं होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत माझी नात आली होती. चौथीत होती तेव्हा. पहिल्याच सकाळी ती गोठ्यातून ओरडत आली, ‘आजोबा, बिजलीने गवताचे लाडू केलेत! बघा ना!’ आजी तेव्हा बेसनाचे लाडू वळत होती. आम्ही दोघं खूप हसलो. मी जाऊन पाहिलं. बिजलीच्या ठाणावर गवताचे ओले, चघळलेले गोळे पडले होते. मी म्हणालो, ‘अगं, ठकीने पसारा केला असेल.’ आणि ते गोळे लाथेने बाजूला सारले.

चौथ्या रात्री दहाच्या सुमाराला खंड्या आमच्या खोलीच्या दाराशी येऊन नखांनी दार खरवडायला लागला. बाहेर आलो. बिजली पुढचा पाय जमिनीवर आपटत होती आणि मान वळवून वळवून आपल्या कुशीकडे पाहत होती. अंग घामाने भिजलेलं. संध्याकाळपासून लीद टाकलेली नाही. मी नाडी पाहिली. विश्रांती घेणाऱ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ पडते. बिजलीची होती ६०. पोटशूळ!

आपल्या पोटात बिघाड झाला तर आपल्याला उलटी होते आणि थोडं बरं वाटतं. घोड्याला उलटी करताच येत नाही. शिवाय त्याचं मोठं आतडं एका जागी घाटातल्या वळणासारखं वळतं आणि नेमकं तिथेच अरुंद होतं. नीट न चावलेलं गवत तिथे जाऊन अडकलं की घाट बंद. घोड्याचा त्यात जीवही जाऊ शकतो.

माझे हात आता थरथरतात. म्हणून तालुक्याच्या तरुण डॉक्टरांना फोन केला. ते मोटारसायकलवरून तासाभरात आले. तोवर तिचं खाणं काढून घेतलं आणि तिने लोळू नये म्हणून तिला अंगणात हळूहळू चालवत राहिलो. नात पांघरूण गुंडाळून पायरीवर बसली होती. मी तिला सांगितलं, ‘बिजलीच्या पोटाला कान लाव. काय ऐकू येतं?’ निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते. तिने कान लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, ‘काहीच नाही ऐकू येत, आजोबा.’

डॉक्टरांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं. नाकातून पोटात नळी घातली आणि तिच्यातून पाणी आणि पातळ पॅराफिन सोडलं. मग बॅटरी घेऊन तिचं तोंड उघडून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘सर, हिच्या मागच्या दाढा पाहिल्यात का? दोन पडल्यात. एक हलतेय. ही गवत चावूच शकत नाही.’

बालमित्रांनो, मी ३१ वर्षांत किती जनावरांचे दात पाहिले असतील याची गणती नाही. दात पाहून वय सांगण्यात माझा हातखंडा होता. आणि माझ्याच दारातल्या घोडीच्या तोंडात मी वर्षभर पाहिलं नव्हतं! चावता न आल्यामुळे ती गवताचे घास तोंडातून टाकून देत होती, आणि जे गिळत होती ते तसंच जाडंभरडं पोटात जात होतं. ते लाडू म्हणजे तिने मला दाखवलेली चिठ्ठी होती. माझ्या नातीने ती वाचली. डॉक्टर असून मी ती लाथेने उडवली.

रात्रभर कुणी झोपलं नाही. पहाटे साडेचारला नात पुन्हा कान लावून उभी होती. एकदम तिचे डोळे मोठे झाले. ‘आजोबा, वाजतंय!’ आणि थोड्याच वेळात बिजलीने शेपूट वर केलं आणि लीद टाकली. आता तुम्ही हसाल, पण लीद पाहून कुणाला इतका आनंद झालेला तुम्ही पाहिला नसेल. आजीने देवापुढे दिवा लावला. नातीने टाळ्या पिटल्या. डॉक्टरांनी पहाटेचा चहा आणि त्याच्याबरोबर चार लाडू खाल्ले, बेसनाचे!

तेव्हापासून बिजलीला लांब काड्यांचं सुकं गवत बंद. बारीक कुट्टी कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून पाच वेळा, थोडी थोडी. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं, त्यामुळे थोडं थोडं आणि वारंवार हाच त्याचा नियम. सहा महिन्यांनी दात तपासायचे, ही तारीख आजीने कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवली आहे.

आता माझ्या सातवीतल्या मित्रा, तुझ्या पत्राकडे येऊ.

तुझा कुत्रा घरात शू करतो, तो खोडी म्हणून नव्हे. म्हातारपणी मूत्रपिंडं थकतात, कधी मधुमेह होतो, कधी सांधे इतके दुखतात की दारापर्यंत जाईतो धीर निघत नाही. ही त्याची चिठ्ठी आहे. ती डॉक्टरांना वाचू दे. यातल्या कित्येक गोष्टींवर औषध असतं. त्याला दिवसातून जास्त वेळा, आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, बाहेर ने. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, तिथे गोणपाट अंथर. नव्या घरी त्याचं जुनं अंथरूण न धुता ने. डोळे गेले तरी कुत्र्याचं नाक शाबूत असतं, आणि त्या वासावरून त्याला आपली जागा कळते. पाण्याचं भांडं एकाच ठिकाणी ठेव, रोज हलवू नकोस.

आणि गल्लीत सोडण्याबद्दल. गल्ली त्याला ओळखते, हे खरं. पण गल्ली त्याला रात्री आत घेत नाही. आंधळ्या कुत्र्याला गाडीही चुकवता येत नाही आणि दुसऱ्या कुत्र्यांशी भांडताही येत नाही. शिवाय पाळलेल्या प्राण्याला उपाशीतापाशी राहावं लागेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. पण आधी एक काम कर. बाबांबरोबर बसून विचार, ‘आपल्याला नेमकी अडचण कसली वाटतेय?’ फरशीची असेल, तर सकाळची फरशी मी पुसेन, असं कबूल कर. आणि मग खरंच पूस!

आईबाबांनाही दोन शब्द. मुलांच्या वाढदिवसाला पिल्लू आणावंसं वाटतं, ते साहजिक आहे. पण कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो, आणि घोडा २५ ते ३०. इंग्लंडमध्ये कालव्यातल्या नावा ओढणारा ओल्ड बिली नावाचा घोडा १७६० साली जन्मला आणि १८२२ साली वारला, म्हणजे ६२ वर्षं जगला, अशी नोंद आहे! पिल्लू आणताना आपण नुसतं पिल्लू आणत नाही. त्याच्याबरोबर एक म्हातारा प्राणीही घरात आणतो. तो फक्त दहा वर्षांनी दिसायला लागतो, एवढंच. आणि म्हाताऱ्याचं घरात काय करायचं, हे आपण मुलांसमोर ठरवत असतो. मुलं पाहत असतात.

ज्यांच्या घरी प्राणी आहे, त्यांनी या आठवड्यात एक काम करा. सात दिवस एका वहीत लिहा, तो किती खातो, किती पाणी पितो, उठताना कसा उठतो. काही निराळं दिसलं तर मोठ्यांना सांगा. मोठे हसले, तर त्यांना गवताच्या लाडवांची गोष्ट सांगा.

पाच वाजत आले. बिजली बादलीला लाथ मारून मला बोलावतेय. येतो, बाई, येतो!

तुमचा,
डॉक्टर आजोबा