पाटी कीं ताम्रपट?

आमच्या पिढीचें अक्षर पाटीवर घडलें. दगडी पाटी, तिची लाकडी चौकट आणि पेन्सिलीचा तुकडा, एवढेंच भांडवल. लिहिलें, चुकलें, ओल्या फडक्यानें पुसलें, पुन्हां लिहिलें. त्याच्याहि मागील पिढी धूळपाटीवर बोट फिरवून शिकली. तिला तर फडकेंहि लागत नसे. पुढें आम्ही स्वतः मास्तर झालों तेव्हां पाट्या जाऊन वह्या आल्या होत्या. परंतु पाटीचा धर्म शाळेंत टिकून होता. मुलानें चुकावें, मास्तरांनीं कान पिळावा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं दोघांनींहि तें विसरावें, हा तो धर्म. वर्ष संपलें कीं शिक्षेच्या नोंदींची वही आम्ही घरीं नेऊन बंबांत घालीत असूं. हेडमास्तरांस तें ठाऊक होतें. ते एकदां एवढेंच म्हणाले, "मास्तर, पाणी चांगलें तापलें असेल."

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यांत आम्हीं शेंकडों वेळां 'चांगली' हा एकच शब्द लिहिला. ज्यानें शाळेची घंटा काढून विहिरींत टाकली त्याच्याहि दाखल्यावर तोच शब्द आहे, आणि तो गृहस्थ आज पूल बांधतो. वाचक म्हणतील, मास्तर खोटें लिहीत होते. तसें नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाची वर्तणूक अजून लिहून पुरी व्हावयाची असते, एवढेंच आम्ही त्या शब्दानें म्हणत असूं.

हें आतां आठवण्याचें कारण असें झालें. गेल्या आषाढांत आमच्या पुतण्याचा मुलगा आमच्याकडे आला. वय तेवीस, अभियांत्रिकीची पदवी उत्तम गुणांनीं घेतलेला. पुण्याच्या एका कंपनीनें त्याला नेमणुकीचें पत्र दिलें होतें; घरीं पेढे वांटून झाले होते. रुजू होण्याच्या आठ दिवस आधीं कंपनीनें तें पत्र परत घेतलें.

हल्लीं नेमणुकीपूर्वीं उमेदवाराची पूर्वचौकशी करण्यासाठीं कंपन्या एखादी त्रयस्थ संस्था नेमतात. उमेदवारानें संमतीच्या कागदावर सही दिलेली असते. तो कागद वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. ती संस्था पदव्या ताडून पाहते, मागील नोकरीची विचारपूस करते, आणि कंपनीनें सांगितलें असेल तर फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स अशा समाजमाध्यमांवर उमेदवारानें उघडपणें काय लिहिलें आहे तेंहि धुंडाळते. आमच्या या नातवानें अठराव्या वर्षीं, प्रवेशयाद्या लागल्या त्या आठवड्यांत, मनासारखें कॉलेज हुकल्याच्या रागांत पांच ओळी लिहिल्या होत्या. राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांविषयीं त्या होत्या. त्या येथें देण्याजोग्या नाहींत. पांच वर्षें त्या तशाच पडून होत्या आणि लिहिणाराला त्यांची आठवणहि उरली नव्हती.

"आजोबा, तुम्ही मला चारित्र्याचा एक दाखला द्या," तो म्हणाला. "निवृत्त शिक्षकाचं पत्र असलं तर ते पुन्हा विचार करतील."

"आधीं त्या ओळी दाखव."

त्यानें फोन पुढें केला. आम्हीं ओळी वाचल्या, चष्मा काढून ठेवला, आणि "दोन दिवसांनीं ये" एवढेंच त्याला सांगितलें. तें कां, हें पुढें येईल.

त्या दोन दिवसांत, आणि नंतरहि, आम्हीं या विषयावर बरेंच वाचलें व जाणत्यांस विचारलें. पहिली गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती ही कीं, मुलांची फसगत ती कांच पाहून होते. ती दिसते पाटीएवढी, बोट फिरवलें कीं मजकूर सरकतो, दुसरें बटण दाबलें कीं पुसला जातो. तेव्हां ती पाटीच असावी असें वाटतें. वस्तुतः तो ताम्रपट आहे. आपण पुसलें तरी तत्पूर्वीं कोणी पडद्याचें छायाचित्र घेतलेलें असतें. त्याला मुलें स्क्रीनशॉट म्हणतात. शिवाय अमेरिकेंतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था तर १९९६ पासून उघड्या संकेतस्थळांच्या प्रती जतन करून ठेवीत आली आहे. 'अक्षर' म्हणजे जें झरत नाहीं तें, ही व्युत्पत्ति आम्हीं आयुष्यभर फळ्यावर लिहिली. तिचा इतका कठोर अर्थ होईल असें मात्र वाटलें नव्हतें.

क्रिकेट आमच्या वाचकांच्या घरोघरीं आहे, म्हणून एक उदाहरण तेथलें घेऊं. २ जून २०२१ रोजीं लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर ऑली रॉबिन्सन हा सत्तावीस वर्षांचा गोलंदाज इंग्लंडकडून आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला. त्याच दिवशीं, त्यानें २०१२ व २०१३ सालीं, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा असतांना, ट्विटरवर लिहिलेला वर्णद्वेषी व स्त्रियांस हिणविणारा मजकूर लोकांनीं उकरून काढला. दिवसाचा खेळ संपतांच त्यानें जाहीर क्षमा मागितली. त्या सामन्यांत त्यानें सात बळी घेतले, पहिल्या डावांत बेचाळीस धावाहि केल्या. आणि सामना संपतांच क्रिकेट मंडळानें त्याला निलंबित केलें. मग रीतसर चौकशी झाली. आठ सामन्यांची बंदी, पैकीं पांच सामन्यांची शिक्षा दोन वर्षें स्थगित, आणि ३२०० पौंड दंड. बंदी भोगून झाली. त्याच ऑगस्टांत तो भारताविरुद्ध खेळला आणि लीड्स येथें दुसऱ्या डावांत पांच गडी बाद करून सामनावीर ठरला. आपला संघ तो सामना डावानें हरला. तेवढा भाग वाचकांनीं सोडून द्यावा. आम्हांस महत्त्वाचें वाटलें तें हें कीं, तेथें कोणीतरी बसून विचारलें, वय पाहिलें, अपराध तोलला, शिक्षेला माप दिलें, आणि माप भरल्यावर ती संपली असें म्हटलें. चांगल्या शाळेंत हेंच होत असे.

असें भाग्य थोड्यांनाच लाभतें. डिसेंबर २०१३ मध्यें अमेरिकेंतील एका कंपनीच्या जनसंपर्क विभागाच्या प्रमुख असलेल्या बाई लंडनहून केपटाउनच्या विमानांत बसल्या. बसण्यापूर्वीं त्यांनीं एड्सचा रोग आणि कातडीचा रंग यांवर एक कुचेष्टेचें वाक्य लिहिलें. त्यांचें लिहिणें वाचणारे अवघे १७० च्या सुमारास. अकरा तासांनीं विमान उतरलें तेव्हां जगभर लोक तें वाक्य वाचून त्यांच्या उतरण्याची वाट पाहत होते. नोकरी गेली. २०२१ च्या मार्चमध्यें 'टीन व्होग' या मासिकाच्या नियोजित संपादिकेला, सतराव्या वर्षीं लिहिलेल्या मजकुरापायीं, खुर्चीवर बसण्यापूर्वींच ती सोडावी लागली. वस्तुतः तिनें २०१९ सालींच त्याबद्दल माफी मागितली होती. आणि २०१७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें निदान दहा मुलांचे दिलेले प्रवेश काढून घेतले, तेहि फेसबुकवरील एका खासगी गटांतल्या अभद्र चित्रांमुळें. 'खासगी' या शब्दावर मुलांचा फार विश्वास असतो.

यावर कोणी म्हणेल, मग कांहीं लिहूंच नये. तोहि उपाय नव्हे. २०१८ सालीं अमेरिकेंत करिअरबिल्डर या कंपनीनें मालकवर्गाची पाहणी केली. ७० टक्के मालक उमेदवारांचीं समाजमाध्यमें चाळतात असें तींत आढळलें. चाळणारांपैकीं ५७ टक्क्यांना नकार देण्याजोगें कांहीं ना कांहीं सांपडलेलें होतें. पण जवळजवळ निम्म्या मालकांनीं असेंहि सांगितलें कीं, ज्याचा तेथें मुळींच ठावठिकाणा लागत नाहीं त्याला मुलाखतीस बोलावण्याची शक्यता कमीच. म्हणजे बोललें तर वाचाळ, न बोललें तर संशयित!

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-सुना अमेरिकेंत आहेत. तेथील सरकार २०१९ पासून व्हिसाच्या अर्जांत मागील पांच वर्षांत समाजमाध्यमांवर वापरलेलीं नांवें विचारूं लागलें. जून २०२५ मध्यें विद्यार्थ्यांना आपलीं खातीं सर्वांस खुलीं ठेवण्यास सांगण्यांत आलें, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून तीच अट एच-१बी व्हिसावरील नोकरदारांना व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ वरील कुटुंबियांनाहि लागू झाली. आपल्याकडे सरकारी नोकरांवर १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांचें बंधन आहेच. जुलै २०२५ मध्यें राज्य शासनानें समाजमाध्यमांच्या वापराविषयीं स्वतंत्र निर्णयहि काढला.

खोडण्याचा कांहीं हक्क आहे कीं नाहीं, हेंहि आम्हीं पाहिलें. स्पेनमधील एका गृहस्थाचें घर देण्यापायीं लिलावास निघाल्याची सूचना १९९८ सालीं वर्तमानपत्रांत आली होती. देणें केव्हांच फिटलें, पण गूगलमध्यें त्याचें नांव घातलें कीं तीच सूचना पुढें येई. १३ मे २०१४ रोजीं युरोपीय न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. दैवगति अशी कीं, ज्याला विसरलें जावयाचें होतें त्याचें नांव आतां कायद्याच्या पुस्तकांत कायमचें छापलें आहे. आम्ही तें येथें देत नाहीं. निदान एका ठिकाणीं तरी त्याची इच्छा पाळली जावी. आपल्या देशांत २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यांतहि माहिती खोडून घेण्याचा हक्क आहे. परंतु तो माहिती बाळगणाऱ्या संस्थांपुरता. शेजाऱ्यानें स्वतःच्या फोनांत घरगुती म्हणून ठेवलेल्या छायाचित्राला तो कायदा लागत नाहीं.

आतां त्या पांच ओळींकडे येतों.

त्यांतील शब्द आमचे होते. हा मुलगा लहानपणीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्याकडे राहत असे. जेवणें आटोपलीं कीं ओसरीवर आम्ही व आमचे दोन स्नेही सुपारी कातरीत बसत असूं, आणि प्रवेशांचा, बढत्यांचा विषय हटकून निघे. त्या विषयावर एक संस्कृत समास मोडून आम्हीं एक कोटी केली होती. सर्वजण पोट धरून हंसले होते. म्हणून ती आम्हीं पुढें अनेकदां केली. मुलगा कोपऱ्यांत पत्त्यांचा बंगला रचीत बसलेला असे. ती कोटी अक्षरशः त्याच्या तिसऱ्या ओळींत होती.

शंभर वेळां बोलावें, पण एकदांहि लिहूं नये, असें व्यवहारचतुर पंडितांनीं सांगून ठेवलें आहे. हें वचन आम्ही वर्गांत मोठ्या कौतुकानें सांगत असूं. त्या दुपारीं तें आम्हांस प्रथमच लबाडीचें वाटलें. ज्या मुलांविषयीं ती कोटी होती तीं मुलें सकाळीं आमच्याच वर्गांत पहिल्या बांकांवर बसत. त्यांच्या दाखल्यांवरहि आम्हीं 'चांगली' हाच शब्द लिहिला. संध्याकाळीं ओसरीवर काय बोललों याचा दाखला आमच्याजवळ कोणी मागितला नाहीं. आम्ही बोलून मोकळे झालों, आमचें निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्यास येतें. त्यानें तेंच लिहिलें, त्याची नोकरी गेली.

कंपनीवर आमचा राग आहे काय? अठराव्या वर्षींच्या पांच ओळींवरून तेवीस वर्षांच्या माणसाचा निवाडा करावा, आणि त्याला एक शब्दहि विचारूं नये, हें आम्हांस पटत नाहीं. समोर बसवून "आज तुला काय वाटतें?" एवढें तरी विचारावयास हवें होतें. पण त्या कचेरींत ज्यांच्याविषयीं तें लिहिलें होतें त्यांचींहि मुलें काम करीत असतील, आणि याच्या शेजारीं बसावयाचें तें त्यांना. तेंहि आम्ही विसरूं शकत नाहीं.

दोन दिवसांनीं मुलगा आला तेव्हां आम्हीं पत्र लिहून ठेवलें होतें. त्याचा अभ्यास, कष्टाळूपणा, सर्व त्यांत होतें. आणि शेवटीं असें होतें कीं, ओळी याच्या असल्या तरी शब्द आमचे आहेत, तेव्हां वर्तणुकीच्या रकान्यांत प्रथम आमचें नांव लिहावें. त्यानें तें दोनदां वाचलें. बराच वेळ बोलला नाहीं.

"हें धाडूं ना?" आम्हीं विचारलें.

"थांबा आजोबा. आधी एकाला लिहायचंय."

वसतिगृहांत पहिल्या वर्षीं त्याच्या शेजारच्या खोलींत एक मुलगा होता. दोघांची चांगली मैत्री होती. मग ती एकाएकीं तुटली, आणि कां तुटली याचा आमच्या नातवानें कधीं विचारच केला नव्हता. आमच्या पलंगावर बसून त्यानें त्याला क्षमेचा मजकूर लिहिला, चारदां खोडला, पांचव्यांदां पाठविला. तासाभरानें उत्तर आलें. तीनच शब्द होते: "तेव्हाच वाचलं होतं."

त्यानंतर दोघांपैकीं कोणीं कोणास फोन केला हें आम्हांस ठाऊक नाहीं. आमचा नातू गॅलरींत उभा राहून पुष्कळ वेळ बोलत होता. बोलण्यापेक्षां ऐकतच अधिक होता. आम्हीं त्याच्यासाठीं चहा ठेवला होता, तो दोनदां पुन्हां तापवावा लागला.