दादांची सायकल आणि ‘विंटेज’ हा शब्द

गेला महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. दादांची सायकल. पंचवटीतल्या जुन्या घराच्या जिन्याखालची अडगळ काढताना पुतण्याला ती सापडली. सापडली म्हणजे काय, ती कुठे हरवलीच नव्हती. पण त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “काका, ही तर विंटेज आहे!” झालं. पुण्याची बहीण, ठाण्याचा भाऊ, अमेरिकेतली भाची, सगळ्यांना एकदम सायकल आठवली.

त्यातच गंगापूर रोडला नवीन हॉटेल काढणाऱ्या एका गृहस्थांनी निरोप धाडला. भिंतीवर टांगायला त्यांना जुनी इंग्लिश रॅले हवी आहे, बावीस हजार देतो म्हणाले. अट एवढीच की काळा चकचकीत रंग मारून, सोनेरी पट्टे ओढून आणि नवा मोनोग्राम लावून द्यायची. हे सगळं बाजारात मिळतं म्हणे. घरात बहुमत ‘देऊन टाका’ असं. मी एकटाच नको म्हणालो, म्हणून सध्या मी हट्टी म्हातारा ठरलो आहे. माझं म्हणणं ग्रुपवर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहितो.

मास्तराची खोड अशी की वाद सुरू झाला की आधी शब्दाचा अर्थ बघायचा. विंटेज म्हणजे जुनं, असं आपण धरून चाललो आहोत. पण हा शब्द मुळात द्राक्षांचा आहे. द्राक्षांची तोडणी, तो हंगाम, म्हणजे विंटेज. वाइनच्या बाटलीवर जे साल छापतात ते बाटली भरल्याचं नसतं, द्राक्षं तोडल्याचं असतं. नाशिककरांना हे मी काय सांगायचं? निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला विचारा, कोणत्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि कोणत्या वर्षी माल गोड उतरला, तो घडाघडा सांगेल. म्हणजे विंटेज या शब्दाचा प्रश्न ‘किती जुनं?’ असा नाहीच. ‘कोणत्या हंगामाचं, कोणत्या मातीतलं?’ असा आहे.

मोटारींच्या बाबतीत सरकारने हा प्रश्न २०२१ साली सोडवून टाकला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा आणि ती रोजच्या वापरात नसावी. नियम सुटसुटीत आहे. पण सायकलला कुठलं आरसी बुक आणि कुठली नोंदणी!

इटलीत ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची एक फेरी १९९७ पासून भरते. त्यांनी १९८७ ही रेघ ओढली आहे. त्याआधीच्या धर्तीची रेसिंग सायकल हवी, गिअरचे खटके हँडलवर नकोत, खालच्या नळीवर हवेत, आणि ब्रेकच्या वायरी उघड्या दिसल्या पाहिजेत. त्यांचं शहाणपण मला असं वाटतं की त्यांनी नुसतं वय मोजलं नाही, सायकल बनवण्याची पद्धत कधी बदलली ते पाहिलं.

आपल्याकडे मात्र हीच पंचाईत आहे. आपली काळी सायकल, अठ्ठावीस इंची चाकं, सळयांचे ब्रेक, पुढे बत्तीस आणि मागे चाळीस स्पोक. ती १९५५ ची असो की २००५ ची, दुरून सारखीच दिसते. सोनीपतची ॲटलास १९५१ पासून, लुधियानाची हिरो १९५६ पासून आणि मद्रासची टीआय १९४९ पासून, सगळ्यांनी वर्षानुवर्षं थोड्याफार फरकाने तीच इंग्रजी धर्तीची सायकल काढली. त्यामुळे काळी, जड आणि गंजलेली, एवढ्यावर कुणी विंटेज म्हणू लागलं तर दूधवाल्याचीही सायकल विंटेज होईल.

मग ओळखायचं कशावरून? माझ्या मते सायकलला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, तुझा हंगाम कोणता? काही सायकली स्वतःच उत्तर देतात. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्यावर बहुधा सालाचे आकडे ठोकलेले असतात. नसेल तर पावती, फोटो, काहीतरी कागद लागतो. दुसरा, तुझं हाड तेच आहे का? टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, सीट या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बदलल्या तर काही बिघडत नाही, नाहीतर सायकल चालली कशी असती? पण फ्रेम, चिमटा, हँडल, क्रँक हे मूळचं हवं. आणि तिसरा, तुला घडवणारे हात आता थांबलेत का? जी वस्तू आजही कारखान्यातून तशीच निघते, ती नुसती जुनी, म्हणजे सेकंडहँड.

आता घरच्या मंडळींनी जरा मन घट्ट करावं.

मी दादांची ट्रंक उघडली. तळाशी नगरपालिकेचे पितळी बिल्ले निघाले, सुतळीत ओवलेले. तरुण वाचकांसाठी सांगतो, पूर्वी सायकलवर कर असे आणि तो भरला की बिल्ला मिळे. बिल्ल्याशिवाय, रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस चाकातली हवा सोडत. आमच्याकडचा सर्वांत जुना बिल्ला १९५८ चा आहे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि सायकल नवी कोरी आलेली मला आठवते. तेव्हा हंगाम ठरला, १९५८. फ्रेम, चिमटा, हँडल तेच आहे.

मग मी रॉकेलचा बोळा घेऊन पुढच्या नळीवरचा मोनोग्राम पुसला. आम्ही भावंडं जन्मभर ज्याला त्याला सांगत आलो, ‘आमच्या दादांची विलायती रॅले’. मोनोग्रामवर बगळ्याचं डोकं आहे, रॅलेचं नावही आहे. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, सेन-रॅले, इंडस्ट्रीज ऑफ इंडिया. म्हणजे नॉटिंगहॅमची नव्हे, बंगालमधल्या आसनसोलची!

पुतण्या म्हणाला, “काका, कुणाला कळतंय? तसाही नवा मोनोग्राम लावायचाच आहे.”

इथेच माझा खटका उडाला. अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आहे. पूर्वी मी मुलांच्या सहली तिकडे नेत असे. जुनं नाणं घासून चकचकीत केलं की त्याची किंमत उतरते, हे मुलांना पटवणं फार कठीण जाई. आणि खोटा शिक्का मारला तर ते जुनं नाणं राहत नाही, फसवणूक होते. सायकलचं वेगळं काय आहे? हंगाम आणि माती हाच विंटेजचा अर्थ असेल, तर मातीचं नाव खोटं सांगून उरतं काय?

आणि आसनसोलची म्हणून ती कमी कशी? नुकतंच स्वतंत्र झालेलं राष्ट्र स्वतःची सायकल स्वतः बनवायला शिकत होतं, त्या हंगामातली ती आहे. तो कारखाना १९८० साली सरकारकडे गेला, त्याची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाली आणि पुढे तोही बंद पडला. नॉटिंगहॅममध्येही २००२ नंतर रॅले बनत नाही. माझ्या तिसऱ्या प्रश्नाला दोन्हींचं उत्तर सारखंच आहे.

याच सायकलवर दादा पंचवटीहून नाशिकरोडच्या प्रेसमध्ये रोज जात. १९६९ च्या पुरात गोदावरी घरात शिरली तेव्हा ती दोन दिवस पाण्यात होती. नंतर सीटची दांडी उपसली तेव्हा नळीतून पसाभर गाळ निघाला. आणि तिचा हिरवा रंग माझी करणी आहे. १९७४ साली नोकरीला लागलो तेव्हा काळी सायकल जुनाट वाटली, म्हणून ब्रशने ऑइलपेंट फासला. दादा एक शब्द बोलले नाहीत, फक्त मोनोग्रामवर रंग जाऊ नये म्हणून त्याला कागद चिकटवून गेले. त्या कागदामुळेच आज खरं काय ते वाचता आलं. त्यांना आसनसोल ठाऊक असणारच. विलायती ती आम्ही केली.

म्हणून तो वेडावाकडा हिरवा रंगही मला राहू द्यावासा वाटतो. तो मूळचा नाही, पण तो खोटंही बोलत नाही. कुणी विचारलं तर मी सांगू शकतो, कुणी, कधी आणि कोणत्या मूर्खपणापायी लावला.

हॉटेलवाल्यांना मी फोन केला आणि आसनसोलचं सांगितलं. “बघतो मग,” म्हणाले. त्यांचा फोन पुन्हा आलेला नाही. बावीस हजार बुडवले म्हणून घरचे रागावले आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. जुन्या घराची गळती काढायला ते कामी आले असते.

सायकल सध्या दुकानात ओव्हरऑइलला दिली आहे. छर्रे आणि टायर-ट्यूब नवे पडतील, रंगाला हात लावायचा नाही असं बजावलंय. भिंतीवर मात्र ती टांगायची नाही. ज्याला चालवायची असेल त्याने न्यावी, भाचरांपैकी कुणीही. अट एकच. रस्त्यात कुणी विचारलं की सांगायचं, आसनसोलची आहे, १९५८ ची.

असो. राग आला असेल तर फोन करा, ग्रुपवर नको.