रियालची कमाई, रुपयाची ठेव

आखाती देशांची वाट आपल्या वर्धा जिल्ह्याला कोकणाइतकी जुनी नाही. तरीही हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडच्या घरांतून आज कोणाचा मुलगा रियाधला एसी दुरुस्त करतो, कोणाचा जावई दुबईत गाडी चालवतो. अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो. तिथल्या बँकेत पैशाला फारसे काही सुटत नाही, इथली बँक ठेवीवर सात टक्के देते. मग सगळे इकडेच आणून का ठेवू नये? त्याच घरात दुसरा कोणी म्हणतो, आपल्याला व्याज घ्यायचेच नाही, तर पैसा इथे असला काय नि तिथे असला काय, सारखेच. आमच्या मते दोघांचाही हिशेब अर्धवट आहे.

सौदी रियालचा भाव १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे. अमिरातीचा दिरहमही १९९७ पासून ३.६७२५ वर स्थिर आहे. म्हणजे रियाल कमावणारा माणूस एका अर्थाने डॉलरच कमावतो. रुपया मात्र असा बांधलेला नाही. २०१४ च्या मध्यावर डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रियाल १६ रुपयांना. २०२४ च्या अखेरीस डॉलर ८५ च्या वर गेला आणि रियाल २२ रुपये ८० पैशांच्या घरात पोचला.

समजा, कोणी २०१४ मध्ये १० हजार रियाल घरी पाठवले. १ लाख ६० हजार रुपये आले आणि ते बिनव्याजी तसेच पडून राहिले. साडेदहा वर्षांनी रुपयांत एक पैसाही कमी झाला नाही. पण तेवढ्या रुपयांत रियाल घ्यायला गेले, तर जेमतेम ७ हजार मिळतात. सात टक्क्यांची ठेव केली असती, तर रुपये दुपटीला पोचले असते. पण रियालच्या मापाने ते उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपासच भरते. बाकीचे रुपयाच्या घसरणीने खाल्ले. इथे महागाई जास्त, म्हणून इथले व्याजही जास्त. त्या सात टक्क्यांना निव्वळ कमाई समजणे चूक आहे.

ही घसरण दरवर्षी सारखी होत नाही. दोन-तीन वर्षे भाव शांत राहतो आणि मग एकदम हलतो. २०१३ च्या मे महिन्यात ५४ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या पुढे गेला होता.

आता व्याजाचा मुद्दा. सूरह बकराच्या २७५ ते २७९ या आयतींतला हुकूम स्पष्ट आहे, त्यात आम्ही वेगळे काय सांगणार? पण व्याज टाळले म्हणजे पैशाची जबाबदारी संपली, असे नाही. पडून असलेल्या रकमेवर दरवर्षी अडीच टक्के जकात निघते, वर महागाई आहेच. यतिमांचा माल नुसता ठेवू नका, तो व्यापारात लावा, नाहीतर जकातीतच तो संपून जाईल, या आशयाची हजरत उमर (रजि.) यांची ताकीद इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आली आहे. परक्या मुलुखात गाळलेल्या घामाचा पैसाही घरच्यांकडे अमानतच असतो.

म्हणून भाव आणि टक्केवारी पाहण्याआधी एक गोष्ट ठरवावी: हा पैसा पुढे कोणत्या चलनात खर्च होणार आहे?

घरखर्च, अम्मीचे औषधपाणी, मुलांची फी हे सगळे रुपयांत आहे. ते दर महिन्याला न चुकता पाठवावे. भाव आणखी वाढेल म्हणून वाट पाहत बसू नये. चार पैसे जास्त मिळण्याच्या आशेने घरच्यांना उधारीवर जगायला लावणे बरे नाही. वर्ध्यात प्लॉट घ्यायचा किंवा घर बांधायचे असेल, तर तोही खर्च रुपयांतच. व्यवहार ठरेपर्यंत ती रक्कम तिकडे ठेवावी आणि बांधकाम पुढे सरकेल तशी टप्प्याटप्प्याने आणावी. सगळी रक्कम एकाच दिवशीच्या भावावर सोपवू नये.

हजचे गणित याच्या उलट आहे. अर्ज इथे भरतो, विमान नागपूरहून सुटते, हप्ते हज कमिटीकडे रुपयांत जातात. पण मक्का-मदिनेतला राहण्याचा आणि तिथल्या सेवांचा खर्च रियालमध्ये असतो. रुपया घसरला की हज महागते. अम्मी-अब्बूंना हजला पाठवण्याची नियत असेल, तर तेवढी रक्कम रियालमध्येच साठवणे शहाणपणाचे.

तिकडे ठेवायचे तर कुठे? दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून चालू आहे, सौदीत अल राजही आहे. तिथे नफा-तोट्यातील भागीदारीच्या तत्त्वावरची खाती मिळतात. आपल्याकडे अशी बँक नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचे २०१७ मध्ये उघड झाले.

इथल्या खात्यांचेही नियम आहेत. परदेशी नोकरीला गेलेल्याने आपले जुने बचत खाते तसेच वापरत राहणे नियमाला धरून नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावे लागते. बाहेरची कमाई एनआरई खात्यात ठेवली, तर ती पुन्हा बाहेर नेता येते. हे खाते चालू खाते म्हणूनही उघडता येते आणि त्यावर व्याज लागत नाही. एफसीएनआर ठेव परकी चलनातच राहते, त्यामुळे रुपयाच्या घसरणीची झळ लागत नाही; पण ती मुदत ठेव आहे, म्हणजे व्याज आलेच. न मागता खात्यात व्याज जमा झाले असेल, तर ते स्वतःवर खर्च न करता, सवाबाची नियत न ठेवता गरजूंना द्यावे, असे अनेक उलेमा सांगतात. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे.

दोन मोहांपासून मात्र सावध राहा. तिकडच्या बँकेचे स्वस्त कर्ज काढून इकडे ठेव करण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यात दोन्ही टोकांना व्याज आहे, शिवाय रुपया घसरला की फेडायचे रियाल महाग होतात. नोकरी गेली आणि कर्ज थकले, तर देश सोडण्यावरही बंदी येऊ शकते. दुसरा मोह जवळच्या पतसंस्थेच्या चढ्या दराचा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ज्या जिल्ह्याने आपली मध्यवर्ती सहकारी बँक अडचणीत येऊन ठेवीदारांचे पैसे अडकलेले पाहिले, त्याला हे वेगळे सांगायला नको.

या महिन्यात फोनवर बोलताना मुलाला एवढेच विचारा: यातले घरखर्चाचे किती, घराचे किती, हजचे किती? तीन आकडे वहीत लिहून ठेवा आणि जकातीची तारीखही शेजारी लिहा. कोणता पैसा कुठे ठेवायचा, हे त्या वहीवरूनच ठरवता येईल. अल्लाह परदेशातल्या आपल्या लेकरांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.