मुडद्यांवर खटला चालत नाही

वाचकहो, भयकथेची किंमत तीतील किंकाळ्या मोजून ठरत नाही. भय कोणाच्या वाट्यास आले आणि ते कोणी निर्माण केले, हे तिला विचारावे लागते. नेटफ्लिक्सने मे २०२० मध्ये प्रदर्शित केलेली ‘बेताल’ ही चार भागांची हिंदी मालिका या कसोटीस उतरत नाही.

आरंभ तर उत्तम आहे. नीलजा या आदिवासी गावातून महामार्ग न्यावयाचा आहे. डोंगरातील जुना बोगदा उघडू नका, असे गावकरी विनवितात. कंत्राटदारास घाई आहे. सशस्त्र दल येते, गावकऱ्यांस नक्षलवादी ठरविले जाते, गोळ्या सुटतात. याहून भयानक ते काय असावयाचे? पण निर्मात्यांस एवढे भय अपुरे वाटले! बोगद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचे लाल डगलेवाले मुडदे निघतात, दल जुन्या बराकीत कोंडले जाते, आणि मराठीत ‘बेताल’ शब्दाचा जो अर्थ, तोच पुढे खरा होतो. ज्यांची जमीन जावयाची, ते कथेच्या कडेला ढकलले जातात. उरलेल्या पुनियाकडे मुख्यत्वे काम येते ते हळदी-मिठाचे तोडगे सांगण्याचे!

कोणी म्हणेल, करमणुकीत कायदा कशाला? कलमे नकोत, पण कलमांसाठी झगडलेला माणूस तरी दिसावा की नाही? १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा विचार घेण्यास सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी जनांचे हक्क मान्य केले. त्याच आधारे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवावयास लावला, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. डोंगरिया कोंधांनी आपला डोंगर राखला तो तोडग्यांनी नव्हे, ठरावांनी. या संघर्षात नाट्य कमी होते काय?

कंपनीचे भूत हे आजच्या लुटीचे रूपक आहे, असा बचाव केला जाईल. तो मान्य केला, तरी रूपकाचा लाभ कोणास होतो? सारा दोष १८५७ च्या गोऱ्या कर्नलाच्या माथी गेला, की आजचा हुकूम देणारा हात झाकला जातो. मुडद्यांवर खटला भरता येत नाही. जिवंत कंत्राटदारावर भरता येतो.

म्हणून, वाचकहो, अशी मालिका पाहावयाची तर अवश्य पाहा. मात्र भुताकडे बोट दाखविले जात असता जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे होत आहे, तिकडे नजर असू द्या.