सेवेची भाषा आणि श्रमांचे मोल

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या वाजल्या, थाळ्या निनादल्या. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका, रुग्णवाहिकांचे चालक यांच्याविषयीची ती कृतज्ञता होती आणि ती खरीही होती. परंतु जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा सेविकांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. या दोन घटना शेजारी ठेवल्या, की प्रश्न उभा राहतो : ज्यांचा आपण गौरव करतो, त्यांच्या थकव्याची जबाबदारी आपण घेतो का?

अशा थकव्यासाठी 'बर्नआउट' हा शब्द वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे नोंदवली : शक्ती ओसरणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे आणि कामातील परिणामकारकता कमी होणे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या व नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष व्यक्तीच्या मनोबलात शोधायचा की कामाच्या रचनेत, हे त्यावरून ठरते.

आपली भाषा मात्र हा दोष सहज झाकून टाकते. 'सेवा', 'व्रत', 'त्याग', 'देवदूत' हे शब्द सुंदर आहेत. पण देवदूताला झोप लागत नाही, भूक लागत नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा'ला स्वयंसेविका मानले. अपरात्री गरोदर स्त्रीला दवाखान्यात नेणारी ही बाई कर्मचारी नसते, म्हणून तिला वेतन नाही; कामागणिक मोबदला आणि मानधन मिळते. मान आणि धन हे दोन्ही शब्द त्या एका शब्दात आहेत. अनुभवात मात्र दोन्ही अपुरे पडतात.

निवासी डॉक्टरांची स्थिती याहून फार वेगळी नाही. सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षा अधिक नसावे, असे केंद्रीय निवासी योजनेच्या १९९२ च्या निर्देशांत म्हटले आहे. तरीही चोवीस तासांची, कधी त्याहून लांब पाळी हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग समजला जातो.

यावर कोणी म्हणेल, की आजार घड्याळ पाहून येत नाही. हे खरेच आहे. पण म्हणूनच एकाचा हात थकला की दुसरा ताजा हात तेथे असायला हवा. अव्याहत सेवा ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती एकाच देहाकडून वसूल करता येत नाही. योग, ध्यान, समुपदेशन यांचा उपयोग निश्चित होतो. मात्र रिक्त पदे तशीच ठेवून केवळ मनोधैर्याची शिबिरे भरवणे म्हणजे छप्पर गळत असताना घरातल्या माणसांना भिजण्याची सवय करायला सांगणे होय.

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. औषधाची मात्रा मोजणारे डोळे जागरणाने जड झाले असतील, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. पुरेसे मनुष्यबळ, ठरलेली विश्रांती, सुरक्षित जागा आणि वेळेवर वेतन या मागण्या म्हणूनच आपल्याही आहेत. टाळ्या त्या सायंकाळी थांबल्या. पाळी मात्र त्या रात्रीही संपली नव्हती.